मागची डावी सीट

वजनकाटे तपासणं हा माझा धंदा. तेवीस वर्षं झाली. सिंगापुरात वन-नॉर्थला आमची प्रयोगशाळा आहे. औषध कंपन्यांचे, सोनारांचे, विमानतळावरचे काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला देवभोळा किंवा हळवा समजणार नाही. माणसाच्या शब्दापेक्षा काट्यावर माझा विश्वास जास्त. माझी बायको विनीता यावरून मला आयुष्यभर टोमणे मारत आली. "अरे, कपाळाला हात लावून बघ ताप आहे का, थर्मामीटर कसला शोधतोस!" असं तिचं चालायचं.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सकाळच्या गर्दीत एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जायला मनाई केली. तेव्हापासून मी टॅक्सीनं जातो. अ‍ॅपवर बोलावली की बहुतेक वेळा मिस्टर कोह यायचे, कारण ते सेरंगूनलाच आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. वय पासष्टच्या पुढे, आरशाला लाल गोंडा, डॅशबोर्डवर आलेलिमलेटच्या गोळ्यांचा डबा. माणूस भला, पण बोलका. गुडघा कसा आहे, मुलगी ऋता मेलबर्नहून कधी येणार, बायको कुठे गेली. सकाळी सव्वाआठला मला बोलायला आवडत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत आमच्या ब्लॉकखालून वन-नॉर्थपर्यंत ड्रायव्हर नसलेल्या टॅक्स्यांची चाचणी सुरू झाली तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. आत बसायचं, पट्टा लावायचा, पडद्यावर एक छोटी मानवाकृती हिरवी होते, गाडी निघते. कुणी काही विचारत नाही. मला फार बरं वाटलं.

विनीता तेव्हा पुण्यात होती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तीन आठवड्यांसाठी गेलेली ती चार महिने झाले तरी परतली नव्हती. मधल्या काळात आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. वास्तुशांत करायची होती. ती म्हणाली, "मी आल्यावर कर. घर आपल्या दोघांचं आहे ना?" पण इथे पूजा सांगणारे अंकुर गुरुजी म्हणजे आठवडाभर बँकेत नोकरी करणारा माणूस. त्याचे शनिवार-रविवार महिनोन्‌महिने आधी ठरलेले. जी तारीख मिळाली ती मी पकडली. खरं सांगायचं तर तिच्या लांबलेल्या मुक्कामाचा मला रागही आला होता. आपलं अडत नाही हे तिला दाखवायचं होतं.

"वहिनी नाहीत, मग सुपारी खोचू," अंकुर म्हणाला. पत्नी हजर नसली की नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं, म्हणजे ती शेजारी बसल्यासारखं होतं. सोवळ्याच्या निऱ्यांशी त्यानं ती खोचून दिली, काहीतरी मंत्र म्हटला, विनीताचं नाव घेतलं. शेवटी चौरंगावरच्या सगळ्या सुपाऱ्या, नारळ, फुलं एका पिशवीत भरून तो विसर्जनासाठी घेऊन गेला. कमरेची मात्र राहिली. कपडे बदलताना माझ्या हाताला लागली. अंकुर तोवर गेला होता. सुपारी मी लॅपटॉपच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकली आणि विसरलो.

सोमवारी सकाळी गाडी आली. मी नेहमीसारखा वळसा घालून मागच्या उजव्या दारानं बसलो. डावी बाजू विनीताची. साडीत सरकत आत जाता येत नाही म्हणून ती फुटपाथच्या बाजूनं बसते आणि मी फिरून येतो. ती नसतानाही माझे पाय तसेच वळतात. बॅग शेजारी ठेवली, पट्टा लावला.

गाडी निघेना. "मागच्या डाव्या सीटवरील प्रवाशानं कृपया पट्टा लावावा," तिचा तो गोड इंग्रजी आवाज म्हणाला.

बॅगेचं वजन लागलं असणार म्हणून मी बॅग मांडीवर घेतली. गाडीनं पुन्हा तेच सांगितलं. सीटवर हात फिरवला, थंडगार, कोरडी. शेवटी कंटाळून रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटक्यात अडकवला. पडद्यावर दोन मानवाकृती हिरव्या झाल्या आणि गाडी सुरळीत निघाली.

मंगळवारी दुसरी गाडी, दुसरा नंबर, आणि तोच प्रकार. बुधवारीही तेच झालं. गुरुवारी मुद्दाम मिस्टर कोहना बोलावलं. ते एकट्या मला बघून हसले. "वाइफ स्टिल इन इंडिया आह? यू ईट प्रॉपर्ली ऑर नॉट?" मी नेहमीप्रमाणे हूं म्हटलं.

आता माझ्यासारख्या माणसाला हे सुटतं थोडंच? सेवा केंद्राला लिहिलं, की तुमचे सेन्सर बिघडलेत. दोन दिवसांनी उत्तर आलं. सेन्सर तपासले, दोष नाही. सोमवारपासूनच्या तुमच्या प्रत्येक फेरीत मागच्या डाव्या सीटवर एक प्रौढ प्रवासी नोंदला आहे, अंदाजे वजन चोपन्न किलो.

बॅगेचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम होतं. मी एकेक वस्तू कमी करत गेलो. एक दिवस लॅपटॉप घरी ठेवला, एक दिवस डबा, एक दिवस छत्री. दोन्ही आकृत्या हिरव्याच. आठव्या दिवशी अख्खी बॅग घरी ठेवली, तेव्हा एकच आकृती आली. नवव्या दिवशी बॅग घरी, आणि खिशात फक्त ती सुपारी. गाडी म्हणाली, मागच्या डाव्या सीटवरील प्रवाशानं कृपया पट्टा लावावा.

त्या दिवशी प्रयोगशाळेत गेल्या गेल्या मी सुपारी काट्यावर ठेवली. सात ग्रॅम दोनशे चौदा मिलिग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवून आठवड्यानं पुन्हा मोजली. सुपारी वाळते, तिचं वजन घटायला हवं. ती चोवीस मिलिग्रॅमनं वाढली होती. मी वहीत 'हवेतील आर्द्रता' असं लिहिलं, वही मिटली आणि सुपारी परत खिशात टाकली.

विनीताशी रोज रात्री जेवणानंतर फोन व्हायचा. त्याच सुमारास ती एकदा हसत म्हणाली, "गंमत सांगू? आईच्या हॉस्पिटलचं ते आपोआप उघडणारं दार आहे ना, ते माझ्यासाठी उघडतच नाही. मी आपली उभी. वॉर्डबॉय आला की त्याच्या मागून शिरते."

"सेन्सर जुना असेल."

"नळाचंही तसंच. हात धरून उभी राहते, पाणीच येत नाही. बँकेत अंगठा लागत नाही. तो मॅनेजर म्हणे, मॅडम, तुमचे ठसे पुसलेत, भांडी फार घासता का!"

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर खिशातली सुपारी काढून टेबलावर ठेवली.

आठवड्यानं ती हसत नव्हती. "हॉस्पिटलातल्या काट्यावर उभी राहिले. प्रफुल्ल, काटा शून्यावरच. नर्सनं मशीन बदललं, तरी शून्य. ती म्हणाली बॅटरी गेली. मग तीच त्यावर उभी राहिली तर बासष्ट." मग म्हणाली, "आणि एक सांगू? चिडू नकोस. पहाटे रोज एकच स्वप्न पडतं. मी गाडीत बसलेली असते. पुढे कुणी नसतं, स्टिअरिंग आपलं आपण फिरत असतं. तू शेजारी असतोस. माझा पट्टा तू लावतोस. पण तू माझ्याशी बोलत नाहीस. का रे बोलत नाहीस?"

त्या गाड्यांबद्दल मी तिला एका अक्षरानंही सांगितलं नव्हतं. इथले सव्वाआठ म्हणजे पुण्यात पावणेसहा.

मग मात्र मी सगळं सांगितलं. वास्तुशांत, सुपारी, पट्टा, तिच्याइतकंच चोपन्न किलो वजन. ती ऐकून घेत होती. मला वाटलं आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "माझ्या जागी बसवलीस ना तिला? आता मी येईपर्यंत जपून ठेव. टाकू नकोस, कुणाला देऊ नकोस. मी आले की माझ्या हातात दे. मला बसवलंयस, तर मीच उठेन."

"बरं."

"बरं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो, डावा पट्टा लावला, आणि पाया लेबारच्या रस्त्याला लागल्यावर रिकाम्या सीटकडे न बघता म्हणालो, "गुडघा बराय आता. ऋताचा काल फोन आला होता." मला स्वतःचीच लाज वाटली. पण बोलत राहिलो. स्वयंपाकघरात ओटा तिला हवा तसा थोडा उंच करून घेतला आहे, वॉशिंग मशीनचा पाइप गळतो आहे, असलं काहीबाही. वीस वर्षांत सकाळी एवढं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. त्या रात्री ती फोनवर म्हणाली, "आज बरं वाटलं रे. ओटा किती उंच केलास?"

पंधरा दिवस असे गेले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडू लागलं होतं. तिचं तिकीट काढलं होतं, वीस तारखेचं. मी दिवस मोजत होतो.

अकरा तारखेला, मंगळवारी, गाडी बुओना विस्टाच्या सिग्नलला उभी होती. बाहेर शाळेच्या मुलींची रांग चालली होती. मी ऋताबद्दल काही सांगत होतो आणि सहज डावीकडे पाहिलं. रिकाम्या सीटवरचा पट्टा सैल पडलेला नव्हता. तो छातीच्या उंचीवर ताणलेला होता. अगदी सावकाश तो पुढे येत होता आणि मागे जात होता. पुढे आणि मागे, शांतपणे, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसा.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून शैलावहिनी, विनीताची भावजय.

"भाऊजी, घाबरू नका. विनूताई उठत नाहीयेत. श्वास चालू आहे, अंग गरम आहे, पण हाका मारून दमलो. डॉक्टरांना बोलावलंय."

"कधीपासून?"

"सव्वापाचला पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यानंतरच."

मी पट्ट्याकडे बघत होतो. तो पुढे येत होता, मागे जात होता.

त्या क्षणी माझी अक्कल काय म्हणत होती ते मला आठवत नाही. एवढंच कळत होतं, की ती इथे आहे म्हणून तिथे नाही. गाडीला थांबवलं, उतरलो, लंगडत रस्ता ओलांडला आणि दुसरी, माणसाची टॅक्सी पकडून ईस्ट कोस्टला, बेडोकच्या बाजूच्या किनाऱ्यावर गेलो. ड्रायव्हर कुणी तरुण मलाय मुलगी होती. माझा चेहरा पाहून तिनं न विचारता पाण्याची बाटली मागे दिली. किनाऱ्यावर दोन आजोबा गळ टाकून बसले होते. इथे पाण्यात काडी टाकली तरी दंड. मी त्यांच्यापासून लांब गेलो, गुडघाभर पाण्यात शिरलो. शब्द दिला होता हे मला आठवत होतं. आठवत असतानाच मी ती सुपारी होता नव्हता तेवढा जोर लावून समुद्रात फेकली.

पाण्यातून बाहेर येईपर्यंत फोन आला. विनीताचाच.

"अरे, कसली झोप लागली मला! सगळे जमलेत इथे, डॉक्टरसुद्धा."

मी वाळूत बसलो आणि रडलो. आजोबा वळून बघत होते. "कशी आहेस? नीट सांग."

"छान आहे. अगदी हलकं वाटतंय," ती म्हणाली.

वीस तारखेला ती आली. मी मिस्टर कोहना घेऊन चांगी विमानतळावर गेलो होतो. काचेच्या दाराच्या पलीकडे ती ट्रॉली घेऊन दिसली. दार मिटलेलं होतं. ती शांतपणे उभी राहिली. मागून एक चिनी कुटुंब आलं, दार उघडलं, त्यांच्याबरोबर ती बाहेर आली. मी तिला घट्ट धरलं. अंग गरम होतं, केसांना तेच माक्याचं तेल. "वाह, ऑन्टी कम बॅक ऑलरेडी!" कोह मोठ्यांदा म्हणाले आणि तिला आलेलिमलेटच्या दोन गोळ्या दिल्या. वाटभर दोघं बोलत होते. तो बोलका माणूस मला त्या दिवशी फार आवडला.

घरी तिनं ओट्यावरून हात फिरवला, खिडक्या उघडून पाहिल्या. मग माझ्यासमोर तळहात पसरला. "दे."

मी सांगितलं. सगळं, पट्ट्याच्या श्वासासकट.

ती पलंगाच्या कडेला बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मला वाचवायला टाकलीस, कळतंय मला. पण बसवलेलं उठवायचं राहिलं रे."

त्याच संध्याकाळी मी अंकुरला फोन केला. दुसरी सुपारी मांडून काही करता येईल का, विचारलं. तो गोंधळला. "अहो, वहिनी आल्यात ना घरी? मग सुपारी कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी विनीता म्हणाली, "मला त्या गाडीत बसायचंय."

"नको."

"मला बघायचंय," ती म्हणाली.

दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन. गाडी आली. ती फुटपाथच्या बाजूनं बसली, मी फिरून आलो. मी पट्टा लावला. तिनं पट्टा लावला. खटका वाजलेला मी कानांनी ऐकला.

पडद्यावर एक आकृती हिरवी झाली.

गाडी निघाली.

विनीता पडद्याकडे बघत होती. तिनं पट्टा काढला. गाडी काहीच बोलली नाही. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग हात मांडीवर ठेवून बसली.

"तिला सांग ना," ती म्हणाली, "मी पण आहे म्हणून."

मी मोठ्यांदा सांगितलं. इंग्रजीत, दोनदा. गाडी म्हणाली, आपण एकटे प्रवास करत आहात, मदत हवी असल्यास लाल बटण दाबा.

त्यानंतर आम्ही तसल्या गाडीत बसलो नाही. लिफ्टमध्ये मी आधी शिरतो, दारात हात धरतो, मग ती येते. दुकानाच्या दारात मी पुढे असतो. नळ मी सुरू करतो. प्रयोगशाळेत जगातले उत्तम काटे माझ्या हाताखाली आहेत. तिला तिथे न्यायचं धाडस मला झालेलं नाही. माणसं तिच्याशी बोलतात, हसतात, भाजीवाली तिला कोथिंबीर देते. तेवढं पुरे, असं मी स्वतःला सांगत आलो. आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवला, आता माणसांवर ठेवतो.

कुठेही जायचं तर फक्त मिस्टर कोहना बोलावतो. गेल्या सोमवारी तिच्या डोळ्यांच्या तपासणीला निघालो होतो. तीन दिवसांपासून भाजीवाली माझ्याकडेच पिशवी देते आहे, हे मी मनावर घेतलं नव्हतं. विनीता फुटपाथच्या बाजूनं बसली, अबोली रंगाची साडी नेसली होती. मी फिरून आलो, बसलो, दार लावलं.

कोहनी आरशात पाहिलं. आपल्या त्या डब्यातून आलेलिमलेटची एक गोळी काढून मागे माझ्या हातात दिली.

"सर," ते मायेनं म्हणाले, "सो लाँग ऑलरेडी. वाइफ स्टिल नॉट बॅक आह?"

विनीतानं माझा हात धरला. तिचा हात गरम होता.